मदत हवी आहे : बॅगपाइपचे ड्रोन चँटरशी सुरात टिकत नाहीत

नमस्कार. मी एडिनबरामध्ये राहतो आणि दोन वर्षे सराव-चँटरवर (चँटर म्हणजे बोटांनी धून वाजवायची छिद्रांची नळी) बोटे बसवल्यानंतर यंदा पूर्ण हायलँड बॅगपाइप वाजवू लागलो आहे. ऑगस्टमध्ये ग्लासगो ग्रीनवर होणाऱ्या जागतिक पाइप बँड स्पर्धेत सर्वांत खालच्या श्रेणीत का होईना, आमच्या बँडसोबत उभे राहण्याची इच्छा आहे.

अडचण अशी की, सुरुवातीला दोन्ही टेनर ड्रोन (ड्रोन म्हणजे अखंड एकच स्वर देणाऱ्या नळ्या) चँटरच्या खालच्या ‘ए’ स्वरापेक्षा एक सप्तक खाली आणि बास ड्रोन दोन सप्तके खाली अगदी तानपुऱ्यासारखे जुळलेले असतात, परंतु दहा मिनिटांत श्वासाने चँटर तापून सूर चढतो, ड्रोन मागे राहतात आणि वरचा ‘ए’ तर कानाला टोचू लागतो. घरी वादन थांबवून ड्रोनचे सरकते भाग किंचित खाली दाबता येतात, पण मैदानात मार्च, स्ट्रॅथस्पे आणि रील या तीन प्रकारच्या धुना सलग वाजवताना ती सोय कुठली!

वरच्या ‘ए’च्या छिद्राची वरची कड चिकटपट्टीने झाकून पाहिली, तो स्वर उतरला, पण दबकाही झाला. माझी चँटरची रीड (हवेने कंप पावून स्वर देणारी पत्ती) वेताची आहे, ड्रोनच्या कृत्रिम आहेत. चँटरची रीड बसवताना तिच्या बुडाशी गुंडाळलेला दोरा थोडा वाढवून ती वर घ्यावी, की मुळात पिशवीवरचा माझा दाबच असमान आहे? शहनाई किंवा सुंद्री वाजवणाऱ्यांनीही रीडबद्दल अवश्य सांगावे.