मदत हवी आहे: चपला आणि लेख, दोन्हींना वर्डप्रेसमध्ये वेगळा टेम्प्लेट (पानाची मांडणी ठरवणारी फाइल) कसा द्यायचा?

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात चप्पल लाइनीत मामांचं दुकान आहे, त्यांची साइट मी वर्डप्रेसवर, म्हणजे साइट बनवायच्या प्रणालीवर, करतोय. साइटवर दोन जातीचा मजकूर आहे. एक चपलांची पानं: कापशी, कचकडी, पुकरी. दुसरे लेख: पावसाळ्यात चप्पल कशी जपायची, बाभळीची साल आणि हिरडा घालून चामडं कसं कमावतात, कोल्हापुरी चपलेला मिळालेलं २०१९ चं भौगोलिक मानांकन वगैरे. थीमला (साइटचं रूप ठरवणाऱ्या फाइलींच्या संचाला) मात्र सगळं सारखंच. चपलेच्या पानावरही तारीख, लेखकाचं नाव आणि खाली कमेंटची चौकट. मामा म्हणाले, "चपलेवर तारीख कशाला रं? गिऱ्हाईक म्हणंल, जुना माल हाय."

म्हणून रजिस्टर_पोस्ट_टाइप हे फंक्शन वापरून 'चप्पल' हा मजकुराचा वेगळा प्रकार केला आणि चाइल्ड थीममध्ये (मूळ थीमवर आधारलेल्या आपल्या थीममध्ये) एकेका चपलेच्या पानासाठी सिंगल-चप्पल.पीएचपी टाकली (फाइलींची नावं इथं देवनागरीत लिहितोय). वर मोठा फोटो, मग माप, तळाचं चामडं, वेणी, कान, शेवटी व्हॉट्सॲपचं बटण. हे झकास चालतंय. पण सगळ्या चपलांच्या यादीसाठी केलेली आर्काइव्ह-चप्पल.पीएचपी काही केल्या उघडत नाही. ४०४ येतं, म्हणजे 'पान सापडलं नाही'. फाइलीत नुसता एक शब्द छापून बघितला, तोही दिसेना.

दुसरं, लग्नाच्या जोडांची मांडणी वेगळी हवी, जरीचं काम जवळून दिसेल अशी. त्यासाठी आणखी एक प्रकार काढू का? थीम जुन्या पद्धतीची आहे, ब्लॉकवाली नाही.

प्रतिसाद १
फाइलीत दोष नसावा, ती वाचलीच जात नाहीये. प्रकार नोंदवताना हॅज_आर्काइव्ह (यादीचं पान हवं का, ही निवड) ट्रू केलंयस का बघ, मुळात ते फॉल्स असतं. ट्रू कर, मग सेटिंग्जमध्ये पर्मालिंकच्या (पानांच्या पत्त्यांच्या) पानावर काही न बदलता नुसतं सेव्ह दाब. त्याशिवाय नवे पत्ते लागू होत नाहीत. आणि त्याच पत्त्याचं पेज हातानं करून वेळ मारून नेऊ नकोस भावा, पुढं दोघांची जुंपते.

प्रतिसाद २
लग्नाच्या जोडांना नवा प्रकार कशाला? माहिती तीच, फक्त मांडणी वेगळी. वर्डप्रेस ४.७ पासून, म्हणजे २०१६ च्या डिसेंबरपासून, कुठल्याही प्रकाराला निवडीचे टेम्प्लेट देता येतात. नव्या फाइलीच्या डोक्यावरच्या कमेंटमध्ये 'टेम्प्लेट नेम' आणि त्याखाली 'टेम्प्लेट पोस्ट टाइप: चप्पल' लिहा. संपादनाच्या पानावर उजवीकडे निवड दिसेल. लेखांना साधी सिंगल.पीएचपी पुरे.

नोंदणीचा कोड मात्र थीममध्ये असेल तर तिथून काढून छोट्या प्लगिनमध्ये (थीमपासून वेगळ्या जोड-कोडमध्ये) हलवा. उद्या मामांना दुसरी थीम आवडली की सगळ्या चपला डॅशबोर्डवरून गायब. डेटाबेसात असतात, पण हे मामांना कोण समजावणार?

धागाकर्ता
यादी आली, नाद खुळा! पण एका पानावर दहाच चपला दिसतात. रीडिंग सेटिंगमध्ये आकडा वाढवला तर लेखांची यादीही लांबते.

प्रतिसाद १
प्री_गेट_पोस्ट्स हुक लाव, म्हणजे यादी डेटाबेसातून आणण्याआधी आपला कोड चालतो. ॲडमिन नाही, मुख्य क्वेरी (पानाची मूळ मागणी) आहे आणि पान चपलांच्या आर्काइव्हचं आहे, हे तिन्ही तपासून मगच पोस्ट्स_पर_पेज (एका पानावरचा आकडा) बदल. हेही त्या प्लगिनमध्येच टाक.