मदत हवी आहे: मृत्यूवरच्या चित्रपुस्तकात देवाबद्दलचं वाक्य कसं लिहावं?

४ ते ७ वयासाठी, श्रद्धेचा आधार असलेलं ३२ पानी चित्रपुस्तक लिहितेय. मजकूर साधारण ५०० शब्द. आजी गेल्यावर नात रोजची प्रार्थना म्हणायला नकार देते, एवढंच कथानक.

अडलंय एकाच जोडपानावर. ती विचारते, "देवाने आजीला का नेलं?"

"आजी झोपली" काढून टाकलं. या वयात मुलं शब्दशः अर्थ घेतात आणि झोपायलाच घाबरू शकतात. "देवाला ती आवडली म्हणून" तर नकोच, मग आवडतं प्रत्येक माणूस धोक्यात वाटतं. सध्या आई म्हणते, "आजीचं शरीर थांबलं. ती परत येणार नाही. तुझ्यामुळे काही झालेलं नाही." शेवटचं वाक्य ठेवायचंच आहे, कारण लहान मुलं दोष स्वतःकडे घेतात. पण इथे देव गोष्टीतून निसटतो. "ती देवाजवळ आहे" जोडलं, तर पुढचा प्रश्न ठरलेला: मग भेटायला कधी जायचं?

पानं वाढवता येणार नाहीत, जागा फार तर ३० शब्दांची. स्वर्गाचं चित्र नको. पालकांसाठीची टीप शेवटी आहेच.

तर देव आईच्या उत्तरातच यावा, की पुढच्या पानावर नातीच्या प्रार्थनेत? आणि "परत येणार नाही" व "देवाजवळ आहे" ही वाक्यं मुलाचा गोंधळ न होता एकत्र कशी बसवावीत?