किम्ब्रेल खरंच उतरणीला लागला का? ईआरए सोडून नेमकं काय बघायचं?

परभणीचा_बुलपेन

मंडळी, अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलचा क्लोजर (आघाडी राखायला शेवटच्या इनिंगला येणारा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा) क्रेग किम्ब्रेल याच्यावरून आमच्या सॉफ्टबॉलवाल्या ग्रुपात दोन तट पडलेत, म्हणून प्रश्न इथं टाकतो.

२०१२ मध्ये समोर आलेल्या २३१ पैकी ११६ बॅटरना त्यानं स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केलं होतं. २०२४ अखेर त्याच्या नावावर ४४० सेव्ह (आघाडी राखून संपवलेले सामने) होते. पण त्याच २०२४ मध्ये बाल्टिमोरकडून ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेले रन) ५.३३ झाला आणि सप्टेंबरमध्ये, प्लेऑफच्या तोंडावर, संघानं त्याला मोकळं केलं. २०२५ मध्ये अटलांटानं एका सामन्यानंतर काढलं, पुढं तो ह्यूस्टनकडे गेला.

एक गट म्हणतो वेग गेला, विषय संपला. दुसरा म्हणतो रिलीव्हरच्या (सामन्यात मागाहून येणाऱ्या पिचरच्या) पन्नास-साठ इनिंगवरून काहीच ठरत नाही, दोन-तीन सामने वाईट गेले की आकडे बिघडतात. मला विचारायचंय ते असं: आकड्यांत काय बघायचं, स्क्रीनवर काय बघायचं, आणि चाळिशीपर्यंत टिकणारे कसे टिकतात? "वय झालं" एवढंच उत्तर नको, तो ३६ चा होता हे ठाऊक आहे.

स्कोअरबुक_नांदेड

भाऊ, दुसऱ्या गटाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. अर्धंच.

ईआरए म्हणजे अर्न्ड रन (फिल्डरच्या चुकीशिवाय दिलेले रन) गुणिले ९, भागिले इनिंग. सामना सुरू करणाऱ्या स्टार्टरच्या १८० इनिंगमध्ये एक वाईट दिवस पचून जातो, रिलीव्हरच्या ६० मध्ये पचत नाही. ६० इनिंगमध्ये १५ रन म्हणजे २.२५. त्यात एकाच दिवशी ६ रनांची भर पडली की झाले ३.१५. किम्ब्रेलच्या २०२४ मध्ये ५२ आणि एक तृतीयांश इनिंगला ३१ अर्न्ड रन आहेत, त्यातले ६ शेवटच्या सामन्यात जायंट्सनी काढले. पण तो सामना वजा करून बघा, तरी आकडा चारच्या वरच राहतो. म्हणजे "एका दिवसानं घात केला" हे म्हणणं इथं टिकत नाही. जुलैतल्या ऑल-स्टार सामन्यापर्यंत तो चांगला होता, त्यानंतरच्या सामन्यांचा ईआरए थेट दोन आकडी.

शिवाय ईआरएत एक आडवाट आहे. आधीच्या पिचरनं बेसवर ठेवलेले रनर याच्या बॉलवर घरी पोचले, तर ते रन आधीच्याच्या खात्यात जातात. सातव्या-आठव्या इनिंगला, बेसवर माणसं असताना येणाऱ्या रिलीव्हरचा ईआरए म्हणून फसवा असतो. क्लोजर बहुतेक वेळा कोऱ्या इनिंगला येतो, त्याच्या बाबतीत ही भानगड कमी.

सेव्ह तर त्याहून फसवी चीज. १९६९ पासून ती अधिकृत नोंदीत आहे. तीन रनांची आघाडी घेऊन नववी टाकायला आला, दोन रन दिले, तिघांना बाद केलं, तरी सेव्ह मिळते. त्या दिवसाचा ईआरए १८, आणि वर शाबासकी! म्हणून २०२४ मधल्या त्याच्या २३ सेव्हवरून मी काहीच ठरवणार नाही.

मग बघायचं काय? पहिल्यांदा स्ट्राइकआउटची टक्केवारी, तीही दर इनिंगला नाही तर दर बॅटरला. वॉक (चार बॉल स्ट्राइक झोनबाहेर टाकून बॅटरला फुकट पहिला बेस) देऊन इनिंग लांबवणाऱ्याला जास्त बॅटर मिळतात, त्यामुळे "नऊ इनिंगमागे इतके स्ट्राइकआउट" हा आकडा फुगतो. त्यातून वॉकची टक्केवारी वजा करा. हा फरक दोन-अडीच महिने सलग खाली येत असेल तर ते नशीब नव्हे. ढोबळमानानं स्ट्राइकआउटच्या प्रमाणावर विश्वास ठेवायला ७० बॅटर पुरतात, वॉकला १७० लागतात. क्लोजर वर्षाला २४० च्या आसपास बॅटर बघतो. फटका लागलेल्या बॉलचं नशीब, म्हणजे शंभरातले तीसच्या आसपास कोणी न झेलता हिट व्हायचे ते पस्तीस झाले वगैरे, हे मात्र एका सीझनमध्ये कधीच स्थिर होत नाही. त्यावरून रिलीव्हरला नावं ठेवणारे लोक मी सोडून देतो.

आता किम्ब्रेलची गोम. २०२४ मध्येही त्याचे स्ट्राइकआउट इनिंगमागे एकाहून जास्तच होते. तेवढंच बघणारा म्हणेल, माणूस ठणठणीत आहे. बिघडलं होतं ते वॉकच्या रकान्यात.

जालन्याचा_कॅचर

नांदेडकरांनी कागद मांडला, मी प्लेटमागून दिसतं ते सांगतो.

किम्ब्रेलकडे मुळात दोनच बॉल. वरचा फास्टबॉल आणि नकल कर्व्ह. दोन्ही हातातून सुटताना साधारण एकाच रेषेत दिसतात. फास्टबॉलला मागची फिरकी जोरात असल्यानं तो बॅटरच्या अंदाजापेक्षा कमी खाली येतो, कर्व्ह मात्र गुडघ्याखाली उतरतो. बॅटरला छातीच्या उंचीवर येणारा बॉल दिसतो आणि कोणता ते लगेच ठरवावं लागतं. सगळा धंदा या घाईवर चालतो.

२०१७ ला त्याचा फास्टबॉल सरासरी ९८ मैलांच्या आसपास होता, म्हणजे १५८ किमी. २०२४ ला ९४ च्या आसपास, १५१ किमी. पिचिंग रबरपासून (पिचरच्या पायाखालच्या पट्टीपासून) प्लेट १८.४४ मीटर, पण पिचर पुढं झेपावून बॉल सोडतो, त्यामुळे खरा प्रवास साडेसोळा मीटरच्या आसपास. वाटेत हवेनं थोडा वेग खाल्ला जातो हे धरून पहिल्याला ०.३९ सेकंद लागतात, दुसऱ्याला ०.४१. फरक पंधरा-सोळा मिलिसेकंदांचा. ऐकायला काहीच नाही, पण तेवढ्या उशिरानं फिरलेली बॅट सरळ जाणारा फटका फाउल लाइनबाहेर घालवते. म्हणजे आधी जे फाउल जात होते ते आता मैदानात पडायला लागले.

पण माझ्या मते खरं नुकसान त्याच्या पुढचं आहे. ९८ ला बॅटरला आधीच निघावं लागायचं, म्हणून तो कर्व्हलाही फसायचा. ९४ ला त्याला क्षणभर थांबता येतं. थांबला की कर्व्ह खाली जातोय हे कळतं, आणि तो सोडून देतो. सोडलेला कर्व्ह म्हणजे 'बॉल', स्ट्राइक नव्हे. काउंट २-० (दोन बॉल, स्ट्राइक शून्य) झाला की पिचरला फास्टबॉल झोनमध्ये आणावाच लागतो, आणि बॅटर त्याचीच वाट बघत असतो. मग वेग गेला म्हणायचं की कंट्रोल गेला? दोन्ही एकाच साखळीत आहेत हो.

स्क्रीनवर चार गोष्टी बघा. पहिला बॉल स्ट्राइक पडतो का. दोन स्ट्राइकनंतरचा खालचा कर्व्ह बॅटर सोडतो की त्यावर बॅट फिरवतो. कॅचरनं ग्लोव्ह कुठं धरला होता आणि बॉल कुठं आला. ग्लोव्ह आडवा प्लेटपलीकडे न्यावा लागत असेल तर हात आणि शरीर यांची वेळ चुकतेय. आणि वरच्या फास्टबॉलवर फाउल कुठं जातात: मागं जाळीत की ओढलेल्या बाजूला. उजव्या बॅटरचे फाउल तिसऱ्या बेसकडे जायला लागले, तर समजा बॅटर त्या वेगाला पुरून उरतोय.

बेसबॉल सॅव्हंटच्या साइटवर फुकटात रिलीज पॉइंटची उंची, एक्स्टेंशन (बॉल सोडताना पिचर किती पुढं येतो), बॉलवारी वेग असं सगळं मिळतं. वेग ताडताना एप्रिलची तुलना एप्रिलशीच करा. थंडीत सगळ्यांचाच वेग कमी असतो, जुलैत वाढतो. एप्रिलची जुलैशी तुलना करून गळे काढणारे दरवर्षी भेटतात.

मांजराकाठ

सगळं बॉलवरच ढकललालाव की राव. वापराचं काय?

२०२१ बघा. कब्जकडे ईआरए ०.४९, मग तोच माणूस भर सीझनमध्ये व्हाइट सॉक्सकडे गेला आणि तिथं ५.०९. हात दोन दिवसांत म्हातारा झाला का? तिथं क्लोजर लियम हेंड्रिक्स होता, म्हणून याला आठवीत घातलं. आयुष्यभर नववीची सवय असलेल्या माणसाचं सगळं वेळापत्रक बदललं: कधी वॉर्मअप सुरू करायचा, बुलपेनमध्ये (रिलीव्हरच्या वॉर्मअपच्या जागी) किती बॉल टाकायचे. फोन आला, हात गरम केला, आणि आत घेतलंच नाही असं झालं तरी वीसेक बॉल जातातच. ते स्कोअरकार्डावर कुठंच दिसत नाहीत.

तसंच सलग दिवसांचं. पस्तिशीपुढचा पिचर काल २५ बॉल टाकून आज परत आला तर एखाद-दीड मैल कमीच पडतो. ज्याच्याकडे ९८ आहेत त्याला ते परवडतं. ९४ वाल्याला नाही. उतरण मोजायची असेल तर विश्रांतीनंतरचे सामने आणि पाठोपाठचे सामने वेगळे काढून बघा.

स्कोअरबुक_नांदेड

मांजराकाठ, वेगळे काढायची सूचना एकदम मान्य. पण २०२१ चा दाखला तुमच्याच विरोधात जातो. व्हाइट सॉक्सकडचा काळ २३ इनिंगचा, त्यात होम रन जास्त बसले. एवढ्याशा नमुन्यावर "आठवी पचली नाही" हा निष्कर्ष काढायचा, तर ०.४९ वरही तेवढाच अविश्वास दाखवावा लागेल. २०२२ ला डॉजर्सनं त्याला नववीच दिली होती, तरी सप्टेंबरात ती काढून घेतली आणि प्लेऑफच्या यादीतही ठेवलं नाही.

पैठणगेट_अंपायर

नियमांचा भाग राहिला. २०२३ पासून पिच क्लॉक आहे: बेस मोकळे असताना १५ सेकंद, रनर असताना तेव्हा २०, आणि २०२४ पासून १८. किम्ब्रेल वाकून, उजवा हात बाजूला लोंबता ठेवून सावकाश खूण घेणारा. दम खाऊन पुन्हा जोर लावायची जुनी सोय गेली.

त्याहून महाग पडलं ते दुसरं. त्याच वर्षी बेस १५ इंचांवरून १८ इंचांचे झाले आणि एका बॅटरमागे रबरवरून दोनदाच पाय काढायची मुभा राहिली. तिसऱ्यांदा काढून रनर बाद झाला नाही तर बॉक, म्हणजे रनरला एक बेस फुकट. रनर रोखण्यात मुळातच ढिला असलेल्या पिचरचा वॉक म्हणजे आता जवळजवळ डबलच (दोन बेसचा फटका). २०२३ च्या नॅशनल लीग फायनलचा तिसरा सामना आठवा, ॲरिझोनात. नववीत पहिल्याच बॅटरला वॉक, त्यानं दुसरा बेस चोरला, मग आणखी एक वॉक, शेवटी केटेल मार्टेचा सिंगल आणि सामना खलास. दुसऱ्या दिवशी आठवीत ॲलेक थॉमसनं दोन रनांचा होम रन मारून बरोबरी साधली, आणि तोही पराभव किम्ब्रेलच्याच नावावर.

आणि २०२० पासून रिलीव्हरला किमान तीन बॅटर खेळवावे लागतात, नाहीतर इनिंग संपवावी लागते. पूर्वी उतरणीचा पिचर एखाद्या सोप्या बॅटरपुरता आणून परत बसवता यायचा. आता त्याला लपवता येत नाही.

टिकणाऱ्यांबद्दल विचारलंय, तर यांकीजचा क्लोजर मारियानो रिव्हेरा याचं उदाहरण सगळे देतात. २०१३ ला ४३ व्या वर्षी ४४ सेव्ह, ईआरए २.११. तो अपवाद समजून बाजूला ठेवा, त्याच्याकडून शिकण्यासारखं कमी आहे. कोजी उएहारा बघा. २०१३ ला बॉस्टनकडून वय ३८, फास्टबॉल जेमतेम ८९ मैल, आणि ७४ इनिंगमध्ये १०१ स्ट्राइकआउट, वॉक फक्त ९. त्याचा स्प्लिटर (प्लेटजवळ अचानक खाली जाणारा बॉल) पडायचा, पण त्याआधी स्ट्राइक पडलेली असायची, म्हणून बॅटरला बॅट फिरवावीच लागायची. केन्ली जॅन्सननं कटरच्या जोडीला सिंकर आणि स्लायडर हे आणखी दोन तऱ्हेचे बॉल वाढवले, २०२५ ला ३७ व्या वर्षी २९ सेव्ह केले. अरोल्डिस चॅपमनला २०२२ मध्ये यांकीजकडे लोकांनी मोडीत काढलं होतं. २०२५ ला बॉस्टनकडे ईआरए १.१७. वेग त्याचा होताच, पण वॉक आदल्या वर्षीच्या निम्म्याहून खाली आले.

उलट बाजूला ट्रेव्हर हॉफमन. चेंजअपवर (फास्टबॉलसारख्या दिसणाऱ्या संथ बॉलवर) वर्षानुवर्षं मंद फास्टबॉलनिशी तगला. २००९ ला ईआरए १.८३, पुढच्याच वर्षी ५.८९ आणि क्लोजरची जागा गेली. ६०० वा सेव्ह त्याच पडत्या वर्षातला. इतक्या कमी वेगावर चूक मोठी असावी लागत नाही, बॉल चार बोटं आत आला तरी पुरे.

परभणीचा_बुलपेन

सगळ्यांचे आभार. माझा कल आता "वॉक आणि सोडलेला कर्व्ह" याकडे झुकलाय. एक उपप्रश्न: आपल्याकडच्या जिल्हा पातळीवरच्या पिचरचा वेग घसरतोय का हे रडार गनशिवाय कसं बघायचं?

जालन्याचा_कॅचर

मोबाइलचा स्लो मोशन, २४० एफपीएस (सेकंदाला २४० फ्रेम). फोन ट्रायपॉडवर, पिच लाइनला काटकोनात, पिचर आणि कॅचर दोघंही चौकटीत येतील इतक्या लांब. बॉल हातातून सुटलेली फ्रेम ते ग्लोव्हला लागलेली फ्रेम मोजा. सुटण्याच्या जागेपासून ग्लोव्हपर्यंतचं अंतर टेपनं घ्या, अंदाजानं नको. समजा अंतर १७ मीटर आणि १३० फ्रेम. १३० भागिले २४० म्हणजे ०.५४ सेकंद, वेग सेकंदाला ३१.४ मीटर, ताशी ११३ किमी. हा वाटेतला सरासरी वेग. गनवर चार-पाच टक्के जास्त दिसेल. आपल्याला तुलना करायची आहे, त्यामुळे तेवढं चालतं. एका फ्रेमची चूक म्हणजे एक किमीहून कमी.

फसगत कुठं होते ते सांगतो. काही फोन २४० म्हणतात पण कमी उजेडात फ्रेमा भरीला घालतात, म्हणून शूटिंग उन्हातच करा. आणि तपासायचं असेल तर मोबाइलवरच्या स्टॉपवॉचचा एक सेकंद शूट करून फ्रेमा मोजून घ्या. दर वेळी दहा फास्टबॉल, वॉर्मअपनंतर लगेच, मधले सहा धरा. महिन्यातून एकदा पुरे. सॉफ्टबॉलच्या मुलींसाठी हिशोब हाच, फक्त पिचिंगचं अंतर १३.११ मीटर आहे, त्यामुळे फ्रेमा कमी येतील आणि चुकीचं प्रमाण थोडं वाढेल.

मांजराकाठ

त्याच व्हिडिओत पहिल्या आणि शेवटच्या बॉलला कोपर खांद्याच्या रेषेखाली उतरलालंय का तेवढं बघा. वेगाच्या आधी ते दिसतं. उतरलं असेल तर त्या दिवशी पिचिंग बंद, आणि पोराला खांदा-कोपर दुखतो का ते सरळ विचारा. टीममधून काढतील म्हणून स्वतःहून सांगत नसतात.