वाचनालयातल्या जुन्या संगणकांवर मुलांसाठी काय काय टाकू? फुकट खेळ आणि कामाची सॉफ्टवेअर सुचवा

वाचनवेल

नमस्कार मंडळी. आमचं गाव देवरुखच्या पुढे आहे. गावच्या वाचनालयात दुपारी चार ते सात मी बसते. मुंबईच्या एका कचेरीने त्यांचे चार जुने डेस्कटॉप आम्हाला दिलेत. चारही विंडोज १० वाले, ४ जीबी रॅम, साधी हार्डडिस्क. त्यातल्या एकाची डिस्क सतत करकर वाजते.

शाळा सुटली की पहिलीपासून नववीपर्यंतची पोरं येतात. पुस्तक बदलून घेतात आणि मग संगणकाभोवती गर्दी करतात. त्यांना इथे काहीतरी चांगलं मिळावं असं मनापासून वाटतं. पण 'फुकट गेम' म्हणून शोधलं की एकाच पानावर पाच हिरवी डाउनलोडची बटणं दिसतात, खरं कुठलं तेच कळत नाही. एका मुलाने त्यातलं एक दाबलं, तेव्हापासून पडद्याच्या कोपऱ्यात जुगाराच्या जाहिराती येतात. पालकांसमोर लाजिरवाणं होतं.

नेट माझ्या मोबाईलवरून, पावसाळ्यात तेही जातं. पैसे जवळपास नाहीतच. शिवाय आमच्या कार्यवाहांना पुस्तकांची यादी संगणकावर, मराठीत हवी आहे. कुठून सुरुवात करू?

पाना_पक्कड

ताई, सांगलीत माझं दुरुस्तीचं दुकान आहे, असली यंत्रं रोज हातात येतात. ४ जीबीचा डेस्कटॉप मुलांसाठी अजून भरपूर कामाचा आहे, कुणी भंगारात काढा म्हणालं तर ऐकू नका.

आधी ती जुगाराची जाहिरात. कोपऱ्यात येते म्हणजे बहुतेक वेळा तो व्हायरस नसतो. त्या पानाने 'नोटिफिकेशन दाखवू का?' विचारलेलं असतं आणि मुलाने होकार दिलेला असतो. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशनची यादी उघडा, अनोळखी नावं दिसतील ती सगळी काढून टाका आणि 'कोणालाही विचारू देऊ नका' हा पर्याय लावा. बंद झाली नाही तर कंट्रोल पॅनेलमध्ये त्या दिवशी काय काय बसलंय ते बघून काढा. मग फायरफॉक्स घाला आणि त्यात जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन हे फुकट जोडसाधन. पाच हिरव्या बटणांतली खोटी बटणं त्यानंतर सहसा दिसतच नाहीत.

आता मोठी गोष्ट. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. एवढी जुनी यंत्रं विंडोज ११ ला सहसा चालत नाहीत. म्हणून माझा आग्रह विंडोजच्या जागी बसणाऱ्या लिनक्स मिंट या फुकट प्रणालीचा, त्यातही एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती घ्या. रुफस नावाच्या छोट्या फुकट प्रोग्रॅमने ती पेनड्राइव्हवर चढवता येते आणि डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येते. पडदा, आवाज, माऊस, वायफाय सगळं नीट चाललं तरच पुढे जा. मिंटचा खरा फायदा असा की खेळ शोधायला नेटवर भटकावं लागत नाही. त्याच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये नाव टाकायचं आणि 'इन्स्टॉल' दाबायचं. खोटं बटण तिथे नसतंच.

करकर वाजणारी डिस्क मात्र आजच बाजूला करा, तिचा भरवसा नाही. वर्गणी काढायचीच असेल तर तिच्या जागी एक एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची वेगवान डिस्क, घेण्यासाठी काढा, आणखी कशावरही रुपया घालवू नका.

लहान मुलांसाठी पहिलं नाव जीकॉम्प्रिस. ब्रुनो कूदोआं नावाच्या फ्रेंच प्रोग्रॅमरने २००० साली सुरू केलं, आता केडीई या मुक्त सॉफ्टवेअरवाल्या मंडळींकडे आहे. शंभराहून जास्त छोटे छोटे उपक्रम आहेत आणि एकदा बसवलं की नेट लागत नाही. त्यातला पाण्याच्या चक्राचा खेळ माझ्या भाचीला मी शेजारी बसून खेळू दिला. टक्स नावाचा पेंग्विन मासेमारी करून होडीतून परत येतो, त्याला आंघोळ करायची असते, पण पाणी नाही. मुलाने आधी सूर्यावर टिचकी मारायची, मग वाफेवर, मग ढगावर. पाऊस पडतो, नदी भरते. मग पंप चालू करायचा, सांडपाणी शुद्ध करणारं केंद्र चालू करायचं, टाकी भरते, आणि मग कुठे टक्सचा शॉवर सुरू होतो. मधली एक पायरी चुकली तर काहीच घडत नाही. कुणी ओरडत नाही, गुण कापत नाही, मूल स्वतःच मागे जाऊन बघतं. पाचवीत पाठ केलेली आकृती तिला त्या दिवशी कळली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. असाच एक विजेचा आहे, एक धरणाच्या दारांतून होडी पलीकडे न्यायचा आहे. पहिलीतल्या मुलांचा माऊसवर हात बसायलाही स्वतंत्र उपक्रम आहेत.

दुसरं टक्सपेंट. २००२ पासून आहे. चित्र काढायला बसलेल्या मुलाला फाईलचं नाव, फोल्डर वगैरे काहीही विचारत नाही. 'सेव्ह' दाबलं की चित्र जपून ठेवतं, 'ओपन' दाबलं की सगळी चित्रं छोट्या चौकटींत समोर मांडतं. वाचता न येणारं मूलही आपलं कालचं चित्र शोधून काढतं. त्यातले शिक्के वेगळे बसवावे लागतात, ते विसरू नका, निम्मी मजा त्यांत आहे. आणि प्रत्येक रेघेला आवाज येतो, वाचनालयात चालणार नाही. ऑल्ट आणि एस एकत्र दाबलं की गप्प होतं.

तिसरं टक्समॅथ. वरून धूमकेतू पडतात, प्रत्येकावर एक गणित. उत्तर टाईप करून एंटर मारलं की तो फुटतो, नाहीतर खाली पेंग्विनच्या घरावर आदळतो. फक्त सातचा पाढा, फक्त वजाबाकी असंही निवडता येतं. जुना प्रोग्रॅम आहे, दिसायला साधा. मुलांना त्याचं काही वाटत नाही.

सुरुवातीला एवढे तीनच टाका, ताई. पन्नास खेळांची यादी समोर ठेवली की मूल प्रत्येकात दोन मिनिटं घालवतं आणि एकातही रमत नाही.

घोडा_अडीच_घरं

वरच्या तिघांत एक चौथं घाला, मी बुद्धिबळासाठी भांडणार. लिचेस नावाची बुद्धिबळाची वेबसाइट. टिबो दुप्लेसी या फ्रेंच तरुणाने २०१० मध्ये उभं केलं. जाहिरात नाही, 'पुढचे धडे पैसे भरून' असा प्रकार नाही, सगळा खर्च देणग्यांवर चालतो. खातं न काढताही संगणकाशी खेळता येतं. खातं काढलंच तर सेटिंग्जमध्ये किड मोड आहे, तो लावला की गप्पा आणि निरोप बंद होतात. मुलांसाठी ते आधी करा.

त्याला नेट लागतं, म्हणून मी आमच्या सोसायटीतल्या मुलांसाठी असं करतो. नेट असेल तेव्हा दोन-तीन कोडी पडद्यावर उघडायची, पण माऊसने सोडवायची नाहीत. तीच मांडणी लाकडी पटावर मांडायची, मुलांनी हाताने सोंगट्या हलवून वाद घालायचा, आणि सगळ्यांचं एकमत झालं की मगच पडद्यावर चाल करायची. चार मुलं एका यंत्राला पुरतात. नेट नसताना मिंटवर ग्नोम चेस आहे, त्याला चाली शोधणारा स्टॉकफिश हा प्रोग्रॅम जोडून मिळतो, तोही फुकट.

मुली मागे राहत असतील तर त्यांना नागपूरच्या दिव्या देशमुखबद्दल सांगा. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीत अंतिम फेरीत कोनेरू हंपीला हरवून तिने महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली. आमच्याकडे हे सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी पटाभोवती मुलीच जास्त होत्या.

वाचनवेल

किती मनापासून लिहिलंत, दोघांचेही आभार. नोटिफिकेशनचा उपाय लगेच केला, जाहिराती थांबल्या!

दोन प्रश्न उरलेत. सातवी-आठवीच्या मुलांना पेंग्विन 'बारक्यांचं' वाटणार, त्यांना गाड्यांच्या शर्यती हव्यात. आणि पुस्तकांची जुनी यादी कुणीतरी टाईप करून ठेवलेली आहे, पण उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता काला दिसतो. अडीच हजार पुस्तकं आहेत हो, पुन्हा टाईप करायची का?

पाना_पक्कड

अजिबात नको! ती यादी युनिकोडच्या (कुठल्याही संगणकावर मराठी सारखंच दिसावं म्हणून ठरवलेल्या पद्धतीच्या) आधीच्या, छपाईच्या कामासाठीच्या एखाद्या डीटीपी फाँटमध्ये केलेली आहे. मजकूर शाबूत असतो. फाईल उघडून अक्षरं निवडा, वर फाँटचं नाव दिसेल. ते नाव कळलं की त्या फाँटचं युनिकोडमध्ये रूपांतर करून देणारी फुकट साधनं मिळतात. सगळी यादी एकदम घालू नका. आधी वीस ओळी करा आणि जोडाक्षरं, रफार, पहिली वेलांटी डोळ्यांखालून घाला, गडबड तिथेच होते. मग ती लिबरऑफिस या फुकट ऑफिस सॉफ्टवेअरच्या कॅल्कमध्ये, म्हणजे रकान्यांच्या तक्त्यात, ठेवा. लिबरऑफिस २०१० मध्ये ओपनऑफिसमधून वेगळं निघालं, त्याचे सगळे मेनू मराठीत करून मिळतात, कार्यवाहांना बरं पडेल. दाखल क्रमांक, पुस्तक, लेखक, प्रकाशक, किंमत, कपाट एवढे रकाने पुरेत. युनिकोडमध्ये आलं की लेखकांची नावं अकारविल्ह्याने एका झटक्यात लागतात, आणि मुलालाही शोध पेटीत नाव टाकून पुस्तक कुठल्या कपाटात आहे ते बघता येतं.

टायपिंगसाठी मिंटच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी जोडा. उच्चारानुसार टाईप करायचा कगप (KaGaPa) हा फोनेटिक पर्याय त्यात आहे. यादी छापायची तर मुंबईच्या एक टाइप या मंडळींचा मुक्ता फाँट घ्या, बारीक आकारातही जोडाक्षरं स्वच्छ उमटतात.

मोठ्या मुलांसाठी सुपरटक्सकार्ट. त्यातही पेंग्विन आहे, पण तो गाडी चालवतो म्हटल्यावर कुणी तक्रार करत नाही. एकाच यंत्रावर पडदा दोन भागांत करून दोघांना एकदम खेळता येतं, एकाने बाणांची बटणं घ्यायची, दुसऱ्याने वेगळी ठरवून द्यायची. त्यामुळे नंबर लावून बसणारी मुलं निम्मी होतात. ग्राफिक्स कमीत कमीवर ठेवा. ब्राउझरमधला २०४८ हा आकड्यांचा खेळही चांगला आहे. गाब्रिएले चिरुली या इटालियन मुलाने मार्च २०१४ मध्ये केला आणि त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला ठेवला. फाईल उतरवून ठेवली की नेटशिवायही चालतो.

पण आठवी-नववीला खरं द्यायचं ते स्टेलॅरियम. आकाश दाखवतं. ठिकाण म्हणून आपलं गाव घाला, तारीख आजची, वेळ रात्री नऊ. मुलांना वाचनालयाच्या दाराकडे तोंड करून उभं करा, पडद्यावर तीच दिशा घ्या. हिवाळ्यात मृग वर आलेला दिसेल, मधले तीन तारे एका ओळीत, खाली लखलखीत व्याध. मग रात्री अंगणात जाऊन तेच शोधायला सांगा. तुमच्याकडे शहरासारखा उजेड नाही, सांगलीत आम्हाला जे दिसत नाही ते तुमच्या मुलांना दिसणार आहे. मला त्याचा हेवा वाटतो. तारकासमूहांच्या परंपरा बदलायची सोयही त्यात आहे, भारतीय परंपरा निवडता येते. त्याला जरा बरं ग्राफिक्स लागतं, म्हणून चारांतल्या सगळ्यात चांगल्या यंत्रावर टाका.

नेट जातं म्हणालात, तर किविक्स हा वाचनाचा प्रोग्रॅम घ्याच. पूर्ण मराठी विकिपीडिया एका फाईलमध्ये उतरवून ठेवता येतो आणि मुलं तो नेटशिवाय वाचू शकतात, तेही शोधाच्या सोयीसह. आणि आवाज मुद्रित करायला ऑडॅसिटी. एक साधा माइक मिळाला की मुलांनी गोष्टी वाचून ध्वनिमुद्रित करायच्या. दहा वर्षांच्या मुलाला स्वतःचा आवाज तरंगांच्या रूपात दिसतो, चुकलेलं वाक्य कापून पुन्हा म्हणता येतं. वाचनालयाला याहून शोभणारा खेळ मला माहीत नाही.

खडू_फळा

शिक्षक म्हणून एक आडवा मुद्दा मांडतो. चारही यंत्रं मिंटवर नेऊ नका. नववीतली मुलं पुढे एमएस-सीआयटी करतील, टायपिंगच्या परीक्षा देतील, तिथे समोर विंडोजच असतं. एक यंत्र तसंच राहू द्या. आणि मोठ्यांसाठी क्लावारो हा टायपिंगचा फुकट प्रोग्रॅम टाका, बोटं योग्य जागी बसवायला शिस्तीत शिकवतो. खेळाआधी पंधरा मिनिटं क्लावारो, असा नियम आमच्या शाळेत मुलांनी आनंदाने पाळला.

पाना_पक्कड

गुरुजींचं म्हणणं मान्य आहे. एक विंडोजवर ठेवा, पण त्याला नेट जोडू नका, आधार संपलेला आहे. लिबरऑफिस त्यावरही चालतं. क्लावारो मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्येही आहे.

वाचनवेल

ठरलं. तीन मिंट, एक विंडोज. एसएसडीसाठी कार्यवाहांनी स्वतःच पैसे दिले. आता एकच अडचण, मिंटची फाईल माझ्या मोबाईलच्या डेटावर उतरेल का?

पाना_पक्कड

३ जीबीच्या आसपास आहे, पावसात मधेच तुटली तर डेटा वाया जाईल. देवरुखात कुणाकडे फायबर असेल तर तिथे बसून उतरवा, ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. फाईल मिंटच्या स्वतःच्याच साइटवरून घ्या आणि तिथे दिलेला चेकसम, म्हणजे फाईल शाबूत उतरली का ते कळणारी अक्षरांची ओळ, जुळवून बघा. एक अक्षर जरी वेगळं निघालं तर ती फाईल टाकून पुन्हा उतरवा. यंत्र पेनड्राइव्हवरून सुरू होत नसेल तर चालू करताना पडद्यावर कंपनीचं नाव येतं तेवढ्यात एफ१२ किंवा एफ९ दाबून बघा. तरी अडलं तर पडद्याचा फोटो इथेच टाका, रात्री दुकान बंद केल्यावर मी बघतो.