घराच्या बाहेरील रंगकामाचा खर्च कसा मांडावा?

विषय: घराच्या बाहेरील रंगकामाचे अंदाजपत्रक

सर्व सभासदांना सस्नेह नमस्कार.

आमच्या घराला बाहेरून रंग देण्याची वेळ आली आहे. घर दुमजली असून खालच्या मजल्याला खडबडीत गिलावा आणि वरच्या मजल्याला लाकडी फळ्या आहेत. आम्ही तीन ठेकेदारांकडून दर मागवले. त्यांतला सर्वांत मोठा आकडा सर्वांत लहान आकड्याच्या दुपटीहून अधिक आहे, आणि कामाचे वर्णन मात्र तिन्ही कागदांवर जवळजवळ एकच आहे: ‘घराला बाहेरून रंग देणे, साहित्य व मजुरीसह’. घरात एक मत असे आहे की रंग शेवटी रंगच, स्वस्तात होत असेल तर उरकून टाकावा. दुसरे मत असे की जो जास्त मागतो तो काम चांगलेच करत असणार. मला ही दोन्ही मते पटत नाहीत, कारण दोन्हींमागे हिशेब नाही.

ज्यांना या कामाची माहिती आहे त्यांनी कृपया सांगावे, की असा खर्च मुळापासून कसा मांडतात, दरांतला एवढा फरक नेमका कशाचा असतो, आणि भारी प्रतीच्या रंगासाठी जास्त पैसे मोजावेत का.

आपली,
एक सभासद

उत्तर: घराच्या बाहेरील रंगकामाचे अंदाजपत्रक

ताई, नमस्कार.

दर मान्य करण्याआधी विचारलेत हे फार चांगले केलेत. तुमच्या तीन आकड्यांतला बहुतेक फरक रंगाचा डबा उघडण्याआधीच्या कामाचा असणार, आणि नेमके तेच काम तिन्ही कागदांवर लिहिलेले नाही. बाहेरील रंगकामात मजुरीचा वाटा साहित्यापेक्षा सहसा कितीतरी मोठा असतो, आणि मजुरीतलाही मोठा भाग धुणे, खरवडणे, घासणे, फटी भरणे आणि प्राइमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, लावणे यांत जातो. जो ठेकेदार हे काम गाळतो त्याचा आकडा आपोआप निम्म्यावर येऊ शकतो. पहिल्या दिवशी भिंत दोन्ही रीतींनी सारखीच झळाळते, म्हणून तो फरक मालकाच्या लक्षातही येत नाही.

सुरुवात मोजमापापासून करावी, कारण ते आपल्या हातातले आहे. समजा घर १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद आहे, म्हणजे परिघ ४० मीटर झाला. भिंतींची उंची साडेपाच मीटर धरली तर २२० चौरस मीटर होतात. उतरत्या छपराखालच्या दोन त्रिकोणी भिंती प्रत्येकी ८ मीटर पायाच्या आणि ३ मीटर उंचीच्या असतील तर त्यांचे १२ आणि १२, असे २४ चौरस मीटर मिळवावेत. दारे-खिडक्यांचे ३४ चौरस मीटर वजा केले की २१० उरतात. दोन हात द्यायचे म्हणजे ४२० चौरस मीटर रंगवायचे. गुळगुळीत पृष्ठभागावर एक लिटर रंग एका हाताला साधारण १० चौरस मीटर पुरतो, त्या हिशेबाने ४२ लिटर लागतील. खडबडीत गिलाव्यावर तोच लिटर ६ चौरस मीटरमध्येही संपतो, आणि मग तेच घर ७० लिटर रंग पिते. तुमच्या घरात दोन्ही प्रकार असल्याने दोन्ही मजल्यांची मापे वेगळी ठेवा आणि ठेकेदाराने किती लिटर धरले आहेत ते विचारा. आकडा फारच कमी असेल तर एकच हात द्यायचा किंवा रंग पातळ करायचा बेत आहे, असे समजायला हरकत नाही. चौकटी, कठडे आणि छपराच्या कडेच्या पट्ट्या यांना रंग थोडा लागतो पण वेळ फार लागतो. त्यांचा दर स्वतंत्र लिहून घ्यावा.

आता भिंतीची अवस्था पाहू. खर्चाचा खरा निकाल येथेच लागतो. उन्हाच्या बाजूच्या भिंतीवर तळहात फिरवा. हाताला पीठ लागल्यासारखी पांढरी भुकटी आली, तर जुन्या रंगातला चिकट घटक उन्हाने संपला आहे आणि नीट धुतल्याशिवाय नवा रंग त्या भुकटीवरच बसणार आहे. दुसरी परीक्षा अशी: धारदार पात्याने जुन्या रंगावर फुलीच्या आकाराचे दोन छेद द्या, त्यावर चांगली चिकटपट्टी घट्ट दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. पट्टीबरोबर रंगाचे तुकडे निघाले तर तेथील जुना थर खरवडून काढण्याला पर्याय नाही, कारण नवा रंग कितीही भारी असला तरी तो खालच्या सुटलेल्या थरासकट गळून पडेल. घराच्या चारही बाजूंना हे करून पाहा. एखाद-दुसरी बाजूच खराब निघाली, तर पूर्ण खरवडण्याचा खर्च तेवढ्यापुरताच धरता येतो.

पोपडे कोठे निघाले आहेत याकडेही बारकाईने पाहावे. पन्हळीखाली, न्हाणीघराच्या बाहेरच्या भिंतीवर किंवा खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांतच पोपडे असतील, तर दोष पाण्याचा आहे. गळकी पन्हळ, उघडी फट किंवा आतल्या वाफेला बाहेर जायला वाट नसणे हे आधी दुरुस्त झाले नाही, तर तेथे ओतलेला प्रत्येक पैसा वाया जातो. गिलाव्यावर पांढरे क्षार फुटले असतील तर तेही आतल्या ओलीचेच लक्षण आहे. गिलाव्याची डागडुजी करणार असाल तर नव्या भागाला रंगापूर्वी साधारण चार आठवडे सुकू द्यावे लागते, आणि अल्क, म्हणजे सिमेंट-चुन्यातला क्षार, सहन करणारा प्राइमर लागतो. हा अवधी वेळापत्रकात नसेल तर ठेकेदार घाई करतो आणि भुर्दंड आपल्याला पडतो.

घर जुने असल्यास एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन: जुन्या थरांत शिसे आहे का, हे खरवडण्याआधी तपासून घ्या. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९२१ साली केलेल्या करारात पांढऱ्या शिशाच्या रंगावर जी बंदी घातली, ती इमारतींच्या आतील रंगकामापुरती होती. बाहेरच्या भिंतींवर असे रंग त्यानंतरही अनेक दशके लागत राहिले. शिसे निघाले तर कोरडे घासता येत नाही, धूळ उडू न देता काम करावे लागते, जमिनीवर आच्छादन पसरून सगळा कचरा गोळा करावा लागतो, आणि त्यासाठी प्रशिक्षित माणसे लागतात. खर्च वाढतो हे खरे, पण घरात लहान मुले असतील तर येथे काटकसरीचा विचारही करू नये.

भारी रंगाबद्दल तुम्ही विचारलेत. एक लिटर रंग १० चौरस मीटरवर पसरला की ओला थर एक दशांश मिलिमीटर, म्हणजे १०० मायक्रॉनचा होतो. त्यातले पाणी उडून गेल्यावर जो घनभाग उरतो तोच भिंतीचे रक्षण करतो. रंगात आकारमानाने ४० टक्के घनभाग असेल तर सुकलेला थर ४० मायक्रॉनचा आणि ३० टक्के असेल तर ३० मायक्रॉनचा. दोन हातांनंतर हा फरक ८० विरुद्ध ६० असा होतो. उत्पादकाच्या तांत्रिक माहितीपत्रकात ही टक्केवारी बहुधा दिलेली असते. डब्यावरच्या जाहिरातीपेक्षा तिच्यावर विश्वास ठेवावा. एकूण खर्चात रंगाची किंमत लहान भाग असल्याने चांगल्या प्रतीच्या ॲक्रिलिक रंगाने आकडा फार वाढत नाही, म्हणून तेथे हात आखडू नये. गडद लाल किंवा गडद पिवळ्या छटा निवडल्यात तर मात्र खालचा रंग झाकायला तिसरा हात लागू शकतो, आणि अशा अनेक छटा उन्हात लवकर विटतात.

शेवटी आकड्यांची तुलना वर्षांवर करा. समजा कमी दराचे काम ४ वर्षे टिकले आणि त्याच्या दीडपट दराचे काम ९ वर्षे टिकले, तर दुसऱ्याचा वार्षिक खर्च पहिल्याच्या दोन-तृतीयांशच पडतो. परांची बांधण्याचा खर्च दोनदा करावा लागला नाही, हा फायदा वेगळाच.

आपला नम्र,
मंडळाचा एक जुना सभासद

उत्तर: घराच्या बाहेरील रंगकामाचे अंदाजपत्रक

नमस्कार मंडळी.

वरील पत्रातले सर्व मुद्दे मान्य आहेत, पण ज्यांच्याकडे एका वेळी एवढी रक्कम नाही त्यांचाही विचार व्हावा. सगळे घर एकाच हंगामात रंगवले पाहिजे असा नियम नाही. उन्हाची आणि पावसाच्या माऱ्याची बाजू आधी खराब होते. ती यंदा पूर्ण तयारीनिशी रंगवावी आणि आडोशाच्या बाजू पुढच्या एक-दोन वर्षांवर टाकाव्यात, हे चारही बाजूंना घाईने एकेक हात फासण्यापेक्षा कितीतरी शहाणपणाचे आहे. उघडे पडलेले लाकूड मात्र थांबत नाही. फळीचे कापलेले टोक पाणी सर्वांत जास्त शोषते, म्हणून उघडी टोके आणि सांधे यांना निदान प्राइमर आणि रंगाचा हात लगेच द्यावा. टप्प्याटप्प्याने काम करताना छटेचा क्रमांक जपून ठेवावा आणि रंग बदलण्याची जागा घराच्या कोपऱ्यावर ठेवावी, म्हणजे थोडाफार फरक डोळ्यांना खुपत नाही.

खालचा मजला स्वतः रंगवून मजुरी वाचवता येते. वरच्या मजल्यासाठी शिडीवर चढून हातात डबा धरण्याचे धाडस कोणीही करू नये, असे माझे कळकळीचे सांगणे आहे. तेथील पैसा उंचीवर सुरक्षितपणे काम करण्याचा आहे आणि तो द्यायलाच हवा. ठेकेदाराकडे कामगारांचा विमा आणि नुकसानभरपाईचा विमा आहे का, याची प्रत मागून घ्या. विमा नसणे हेही स्वस्त दराचे एक कारण असते.

आपला,
एक सभासद

उत्तर: घराच्या बाहेरील रंगकामाचे अंदाजपत्रक

दोघांचेही मनःपूर्वक आभार.

आज चिकटपट्टीची परीक्षा करून पाहिली. गिलावा चारही बाजूंना घट्ट आहे. लाकडी फळ्यांवर मात्र उन्हाच्या बाजूला पट्टीबरोबर रंगाचे मोठे तुकडे निघाले, आणि खिडकीखालच्या एका फळीत टोचणी सहज आत जाते. शिशाची तपासणी करून घेत आहोत. तिन्ही ठेकेदारांना मोजमापे, प्राइमर, हातांची संख्या आणि रंगाचे लिटर नमूद करून नव्याने दर देण्यास कळवले आहे. एकच शंका उरते: सडलेल्या फळ्या किती निघतील हे आधी कळत नाही, मग त्यांचा खर्च कसा धरावा? आणि एक ठेकेदार निम्मी रक्कम आगाऊ मागतो, ते योग्य आहे का?

आपली,
एक सभासद

उत्तर: घराच्या बाहेरील रंगकामाचे अंदाजपत्रक

ताई, नमस्कार.

टोचणी आत जाते ती फळी बदलावीच लागेल. तिच्यावर लांबी, म्हणजे खाचा भरण्याचा लगदा, भरून रंग देऊ नका. अशा कामाचा दर प्रति मीटर फळी असा आत्ताच, स्पर्धा चालू असताना लिहून घ्यावा आणि तुमच्या परवानगीशिवाय एकही फळी बदलायची नाही असे कलम घालावे. परांची उभी राहिल्यावर दर विचारलात तर घासाघीस करायला तुमच्या हातात काही उरत नाही. याशिवाय एकूण रकमेच्या १५ टक्क्यांच्या आसपास राखीव तजवीज करून ठेवा आणि ती ठेकेदाराला सांगू नका.

निम्मी रक्कम आगाऊ देऊ नये. साहित्यापुरती उचल द्यावी, दुसरा हप्ता तयारी आणि प्राइमर पूर्ण झाल्यावर तुम्ही स्वतः भिंत पाहून द्यावा, तिसरा दोन हात झाल्यावर, आणि थोडी रक्कम अखेरच्या पाहणीपर्यंत मागे ठेवावी. दुसऱ्या हप्त्याची पाहणी सर्वांत महत्त्वाची आहे, कारण त्यानंतर तयारीचे काम रंगाखाली झाकले जाते. त्या दिवशी परांचीवर चढू नका. ठेकेदाराला प्रत्येक भिंतीची जवळून छायाचित्रे काढून द्यायला सांगा आणि ती कराराच्या कागदांबरोबर ठेवा. भिंत धुतल्यानंतर लाकूड पुरते वाळण्याआधी आणि दव पडण्याच्या बेतात असताना रंग लावायचा नाही, हेही करारात असावे. पावसाने दिवस वाया गेले तर मुदत वाढवून द्या, पण त्यासाठी जादा रक्कम मान्य करू नका.

नवे दर आले की रकमा वगळून कामाचे तपशील येथे पाठवा, आपण सगळे मिळून पाहू.

आपला नम्र,
मंडळाचा एक जुना सभासद