औषध कंपन्यांचे परदेशी करार: नो-हाऊ मिळत नसेल तर सही कशाला?

उत्तरायण

दोन देशांतल्या औषध कंपन्यांचा करार झाला की बातमीच्या मथळ्यात 'इतक्या अब्ज डॉलरचा करार' एवढंच असतं. आत वाचावं तर सहीच्या दिवशी हातात पडणारी रक्कम बऱ्याचदा त्यातला लहानसा हिस्सा. बाकी सगळे माइलस्टोन: चाचणीचा टप्पा पार पडला तर इतके, मान्यता मिळाली तर तितके, विक्रीने अमुक पल्ला गाठला तर आणखी. बहुतेक रेणू, म्हणजे होऊ घातलेली औषधं, त्या पल्ल्याच्या आधीच गळतात.

पैशाला माझा विरोध नाही. पण धाकट्या भागीदाराला खरी गरज असते ती औषध बनवण्याच्या नो-हाऊची, म्हणजे प्रत्यक्ष कृतीच्या माहितीची, आणि मोठी कंपनी तेवढंच सोडून बाकी सगळं देते. मॉडर्नाने ऑक्टोबर २०२० मध्ये जाहीर केलं की महासाथ चालू असेपर्यंत आम्ही आमची कोव्हिड लशीसंबंधीची पेटंट कुणावर बजावणार नाही. टाळ्या वाजल्या. पण कृती स्वतःच्या कंत्राटदारांपलीकडे कुणाला दिली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये केप टाउनला एमआरएनए लशींचं (मॉडर्नाची लस याच तंत्राची) केंद्र उभं केलं, तेव्हा तिथल्या आफ्रिजेन कंपनीला जाहीर झालेल्या जनुकीय क्रमावरून स्वतःच सगळं जुळवत बसावं लागलं. म्हणजे दार उघडं, पण आत जायला जिना नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. लहान कंपनी असो, विद्यापीठ असो की सरकार, करारात दोन कलमं नसतील तर उठून यावं. एक, मूळ द्रव्य बनवण्यापासूनची पूर्ण टेक ट्रान्सफर (तंत्र हातात देणं), नुसतं फिल-फिनिश (तयार द्रव्य कुप्यांत भरणं) नव्हे. दोन, भागीदार सोडून गेला तर हक्क आणि चाचण्यांची सगळी माहिती परत.

फिल-फिनिशचं काय होतं ते २०२१ मध्ये दिसलं. दक्षिण आफ्रिकेतल्या ॲस्पेनच्या कारखान्यात जॉन्सन अँड जॉन्सनची लस कुप्यांत भरली जात होती आणि त्यातल्या काही कुप्या चालल्या होत्या युरोपला. त्या वेळी आफ्रिकेत जेमतेम लोकांना लस मिळाली होती. माल दुसऱ्याचा असला की गाडी कुठे जाणार हेही तोच ठरवतो.

कोरडाठाक

वाचायला झकास. पण उठून यायला आधी कुणी बसायला बोलवावं लागतं.

तिसऱ्या टप्प्याची चाचणी म्हणजे हजारो रुग्ण, वीसेक देशांतली रुग्णालयं, प्रत्येक देशाची नीतिमत्ता समिती, वेगवेगळे नियामक, वर्षानुवर्षांचा खर्च. लहान कंपनी हे कशाच्या जिवावर करणार? जेनेंटेकचं बघा. अमेरिकेतली जैवतंत्र कंपनी, १९७६ ची. १९७८ मध्ये जिवाणूंकडून मानवी इन्सुलिन बनवून घेतलं. पण मोठे फर्मेंटर (जिवाणू वाढवायच्या टाक्या) नाहीत, विक्रीची माणसं नाहीत, एफडीएचा, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामकाचा, अनुभव शून्य. एलाय लिली या बड्या औषध कंपनीशी करार केला म्हणून १९८२ मध्ये ते इन्सुलिन ह्युम्युलिन नावाने बाजारात आलं. लिलीला 'आधी तुमचं सगळं शिकवा' म्हणाले असते तर लिलीने प्राण्यांपासूनचं इन्सुलिन विकत राहायला कुणाची ना नव्हती.

जर्मनीच्या बायोएनटेकचंही तेच. फायझरशी २०१८ मध्ये फ्लूच्या लशीसाठी जमलेलं होतं, म्हणून मार्च २०२० मध्ये कोव्हिडचा करार झटपट झाला. विकासाचा सगळा खर्च सुरुवातीला फायझरने उचलायचा आणि बायोएनटेकने आपला निम्मा वाटा पुढे विक्रीतून फेडायचा असं ठरलं. २ डिसेंबरला ब्रिटनची परवानगी. कलमांवर सहा महिने घासाघीस झाली असती तर?

उत्तरायण

@कोरडाठाक, उदाहरणं तुमची, पण साक्ष माझ्या बाजूने देतायत.

जेनेंटेकने इन्सुलिन लिलीला दिलं हे खरं. पण त्याच सुमारास ग्रोथ हॉर्मोनसाठी स्वीडनच्या काबीशी करार केला तेव्हा अमेरिकेचे हक्क स्वतःकडे ठेवले. १९८५ मध्ये प्रोट्रोपिन आलं ते जेनेंटेकनेच बनवलेलं आणि जेनेंटेकनेच विकलेलं. एक औषध देऊन पैसा उभा केला, दुसऱ्यावर कंपनी उभी केली.

बायोएनटेकने निम्मा नफा राखला, चीनचा सौदा फोसुनशी वेगळा केला, आणि सप्टेंबर २०२० मध्ये नोव्हार्टिसचा मारबुर्गचा कारखाना विकत घ्यायचा करार केला. घाईतही त्यांनी उत्पादन हातचं जाऊ दिलं नाही.

कोरडाठाक

कारण त्यांच्याकडे दुसऱ्या कुणाकडे नसलेली चीज होती! बायोएनटेक तोवर अमेरिकेच्या नॅस्डॅक शेअर बाजारात नोंदलेली होती, दहा-बारा वर्षांचं संशोधन गाठीशी होतं. एक रेणू, दीड वर्ष पुरेल एवढी रोकड आणि चाळीस माणसं असलेल्या कंपनीला हा सल्ला देऊन बघा. ज्याच्या हाती पत्ते नाहीत त्याने डाव सोडायची धमकी द्यायची नसते.

पिपेट

मी उत्पादनाच्या बाजूची. दोघंही टेक ट्रान्सफर म्हणजे एक जाडजूड फाइल इकडून तिकडे द्यायची असं समजून बोलताय.

जैविक औषधात प्रक्रिया बदलली की औषधही बदलू शकतं. त्यामुळे जातं ते असं: पेशींची बँक (ज्या पेशी औषध बनवतात त्यांचा गोठवलेला साठा), बॅच रेकॉर्ड, तपासणीच्या पद्धती, कुठल्या पुरवठादाराचा फिल्टर, कुठल्या तापमानाला किती वेळ थांबायचं, आणि 'फेस आला तर काय करायचं' हे, जे कुठेच लिहिलेलं नसतं. घेणाऱ्या कारखान्यात आधी शिकायच्या बॅच, मग व्हॅलिडेशनच्या, म्हणजे प्रक्रिया दर वेळी तसाच माल देते हे दाखवायच्या. मग जुन्या आणि नव्या कारखान्याचा माल एकच आहे हे नियामकाला आकड्यांनी पटवून द्यायचं. देणाऱ्यांची अनुभवी माणसं कित्येक महिने त्यात अडकतात. मोठी कंपनी का कां-कूं करते याचं अर्धं उत्तर लोभात असेल, उरलेलं अर्धं या माणसांच्या तुटवड्यात आहे.

तरी होतं. माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण मेनाफ्रीव्हॅक या लशीचं, आणि त्याची चर्चा फारच कमी होते. आफ्रिकेच्या मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाचा दाह) पट्ट्यात 'अ' गटाच्या जिवाणूच्या साथी वर्षानुवर्षं येत. तिथल्या आरोग्य खात्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की पन्नास सेंटच्या वर डोस परवडणार नाही. मोठ्या लस कंपन्यांना त्या भावात रस नव्हता. मग पाथ ही संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी २००१ मध्ये गेट्स फाउंडेशनच्या पैशावर प्रकल्प सुरू केला आणि कामाचे तुकडेच पाडले. पॉलिसॅकराइड (जिवाणूच्या आवरणातली साखरेची साखळी) ॲमस्टरडॅमच्या सिन्को कंपनीकडून. ते प्रथिनाला जोडायची पद्धत अमेरिकेच्या एफडीएच्या प्रयोगशाळेतून. ते प्रथिन म्हणजे धनुर्वाताचं टॉक्सॉइड (निरुपद्रवी केलेलं विष); ते आणि सगळं उत्पादन सीरम इन्स्टिट्यूटमध्ये. जोडणीची पद्धत शिकायला सीरमची माणसं एफडीएच्या प्रयोगशाळेत जाऊन बसली. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोपासून मोहीम सुरू झाली, पुढे तीस कोटींहून जास्त लोकांना लस मिळाली आणि त्या पट्ट्यातून 'अ' गटाच्या साथी जवळपास नाहीशा झाल्या.

नीट बघा: यात नो-हाऊ देणारा पक्ष सीरमचा बाजारातला स्पर्धकच नव्हता. शिकवण्यात त्याचं काही जात नव्हतं. उत्तरायण, तुमची पहिली अट अशा ठिकाणी चालते. स्पर्धकाकडून तेच मागणं म्हणजे वेगळा खेळ.

(ब्राझीलच्या फिओक्रूझ या सरकारी संस्थेने ॲस्ट्राझेनेकाकडून कोव्हिड लशीचं मूळ द्रव्यासकट तंत्र घेतलं. पण पूर्ण देशी लस हातात यायला २०२२ उजाडलं. तोवर आयात द्रव्यच कुप्यांत भरत होते. चांगल्या इराद्याने, सरकारी पाठबळानेही एवढा वेळ लागतो.)

शंकासुर

एवढी चर्चा झाली, रुग्ण कुठेच दिसला नाही. करारातलं सगळ्यात महत्त्वाचं पान शेवटच्या परिशिष्टात असतं: देशांची यादी.

गिलियड या अमेरिकन कंपनीने हेपटायटिस सी वरचं सोफोसबुविर २०१३ च्या अखेरीस आणलं, अमेरिकेत एका उपचाराची किंमत ८४,००० डॉलर. पुढच्या वर्षी भारतातल्या जेनेरिक कंपन्यांना ९१ देशांसाठी लायसन्स दिलं. छान. पण हेपटायटिस सी चे लाखो रुग्ण असलेले मध्यम उत्पन्नाचे कितीतरी देश यादीबाहेर. २०१७ मध्ये मलेशिया सरकारी वापराचा (पेटंट बाजूला ठेवून स्वस्त प्रत घेण्याचा) परवाना काढायला निघाला आणि त्याच सुमारास गिलियडच्या यादीत मलेशियाचं नाव आलं. योगायोग म्हणा हवं तर.

एचआयव्ही रोखणाऱ्या लेनाकापाविरचं ताजं उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये सहा जेनेरिक कंपन्यांना १२० देशांसाठी लायसन्स. ब्राझील, अर्जेंटिना, मेक्सिको, पेरू यादीत नाहीत. या चारही देशांत याच औषधाची चाचणी झाली होती! सुई टोचून घेणारे तिथले, स्वस्त औषध भलत्यांना.

कोरडाठाक

शंकासुर, तुमचा राग समजतो. पण पूर्ण हिशेब मांडा. ते १२० देशांचं लायसन्स अमेरिकेत प्रतिबंधासाठी मान्यता मिळायच्या आधीच दिलं गेलं, मान्यता आली जून २०२५ मध्ये. एचआयव्हीचे प्रभावी मिश्र उपचार १९९६ च्या सुमारास श्रीमंत देशांत सुरू झाले, आणि सिप्लाने वर्षाला ३५० डॉलरचा देकार दिला २००१ मध्ये. मधल्या पाच वर्षांत आफ्रिकेत काय झालं ते आठवा. ती पाच वर्षं आता शून्यावर आली असतील तर ती अशाच करारांमुळे. ब्राझीलकडे मोठी सार्वजनिक आरोग्यव्यवस्था आहे, वाटाघाटी करायची ताकद आहे. कंपनी तिथे भाव मागणारच.

शंकासुर

भाव मागा की. पण मग चाचणीला जागा निवडतानाच त्या देशाने विचारावं: औषध यशस्वी झालं तर आम्ही कुठल्या यादीत? चाचणीच्या परवानगीच्या कागदावरच हे घ्यावं. माणसांवरच्या संशोधनाची नीतितत्त्वं सांगणाऱ्या हेलसिंकी जाहीरनाम्यात चाचणीनंतर औषध मिळण्याची तरतूद आहे, पण ती चाचणीत भाग घेतलेल्या माणसांपुरती. त्यांच्या शेजाऱ्यांचं काय?

तिऱ्हाईत

सगळे कलमांवर भांडतायत आणि सरकारं गालात हसतायत.

कॅनडाची राष्ट्रीय संशोधन परिषद आणि चीनची कॅनसिनो यांनी मे २०२० मध्ये कोव्हिड लशीचा करार केला. लशीचा माल चीनच्या कस्टममधून सुटलाच नाही, ऑगस्टमध्ये प्रकरण बंद. ॲस्ट्राझेनेकाचं लायसन्स घेऊन सीरम कोव्हॅक्ससाठी (देशोदेशी लस वाटणारी जागतिक योजना) लस बनवत होती. मार्च २०२१ च्या सुमारास भारतात दुसरी लाट आली आणि निर्यात थांबली, ती नोव्हेंबरपर्यंत. टेक ट्रान्सफर झालेली होती, कारखाना चालू होता, करार शाबूत होता. माल मात्र सीमेच्या आतच. एका फर्मानापुढे तुमची दोन कलमं काय कामाची? नो-हाऊ एकाच देशात शिकवून भागत नाही, तीन ठिकाणी शिकवावं लागतं.

पिपेट

तीन ठिकाणी म्हणजे तिप्पट तपासण्याही. २००८ मध्ये अमेरिकेत विकल्या गेलेल्या हेपॅरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधामध्ये भेसळ सापडली. मूळ द्रव्य चीनमधल्या कारखान्याचं होतं, आणि नावाच्या घोळामुळे एफडीएने तो कारखाना आधी तपासलेलाच नव्हता. माणसं दगावली. साखळीत कड्या वाढवायच्या तर प्रत्येक कडीला पहारेकरी लागतो.

कोरडाठाक

आणि गिऱ्हाईक लागतं! उत्तरायणने ॲस्पेनची गोष्ट अर्धीच सांगितली. मार्च २०२२ मध्ये ॲस्पेनला स्वतःच्या नावाने लस विकायचं लायसन्स मिळालं, अस्पेनोव्हॅक्स. एकही ऑर्डर आली नाही. जी मालकी मागत होता ती मिळाली, आणि लाइन रिकामी बसली. खरेदीची हमी नसेल तर नो-हाऊ भिंतीवर टांगायचं का?

उत्तरायण

हा मुद्दा वजनदार आहे, पण उपाय अगदीच नाही असं नाही. 'गावी' (Gavi) या जागतिक लस आघाडीने जून २०२४ मध्ये आफ्रिकेतल्या लस उत्पादकांसाठी दहा वर्षांत १.२ अब्ज डॉलरपर्यंतची योजना सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वपात्रता मिळाली की काही रक्कम, टेंडर जिंकून डोस पुरवले की डोसमागे आणखी. म्हणजे स्थानिक उत्पादनाचा जादा खर्च काही वर्षं भरून निघावा. ॲस्पेनच्या वेळी हे असतं तर चित्र वेगळं दिसलं असतं.

दुसऱ्या अटीबद्दल मात्र तुम्ही अजून अवाक्षर काढलेलं नाही.

कोरडाठाक

कारण ती मला मान्यच आहे. चीनमध्ये सुरू झालेल्या बेजीन कंपनीने टिस्लेलिझुमॅब या कर्करोगावरच्या औषधाचे चीनबाहेरचे बरेच हक्क २०२१ मध्ये नोव्हार्टिसला दिले, सहीच्या वेळी ६५ कोटी डॉलर घेतले. २०२३ मध्ये नोव्हार्टिस बाहेर पडली, हक्क परत आले, आणि मार्च २०२४ मध्ये अमेरिकेची मान्यता बेजीनच्या नावावर. पैसाही राहिला, औषधही. हे कलम कुठलाही बरा वकील घालतोच, त्यासाठी उठून यायची गरज नाही. पहिल्या अटीला माझा विरोध कायम.

पिपेट

परत येण्याच्या कलमात एक भोक असतं. भागीदाराने मधल्या दोन-तीन वर्षांत प्रक्रिया सुधारलेली असते: एका बॅचमधून निघणारं उत्पादन वाढवलेलं, शुद्धीकरणाची एक पायरी बदललेली. चाचणीचं सगळं औषध त्या नव्या प्रक्रियेचं. रेणूचा हक्क तुम्हाला परत मिळतो, पण सुधारणा भागीदाराच्या मालकीच्या. मग जुन्या प्रक्रियेने बनवलेला तुमचा माल आणि चाचणीतला माल सारखाच आहे हे पुन्हा पहिल्यापासून सिद्ध करत बसा. त्यामुळे 'सुधारणांचा वापर' आणि 'नव्या पेशी बँकेच्या कुप्या' हे दोन शब्दप्रयोग त्या कलमात आहेत का, एवढं वकिलाला विचारून घ्या. कोरडाठाक, तुमच्या त्या चाळीस माणसांच्या कंपनीलाही हे मागता येतं, आणि सहीच्या आधी मागितलं तर समोरचा सहसा नाही म्हणत नाही.