पोटातील आवाजांच्या ध्वनिमुद्रणाचा निदानाला उपयोग होतो का?

प्रश्न (फोंडा): जेवणानंतर तासाभराने आईच्या पोटात कळ येते आणि गुडगुड शेजारी बसलेल्यालाही ऐकू येते, मात्र बांबोळीच्या रुग्णालयात तपासणीसाठी पोहोचेपर्यंत सारे शांत झालेले असते. हे आवाज मोबाईलवर मुद्रित करून डॉक्टरांना ऐकवले, तर उपयोग होईल का?

उत्तर (मडगाव, परिचारिका): आतड्यात अडथळा असल्यास आवाज उंच पट्टीतले, टिणटिणल्यासारखे येतात आणि आतड्याची हालचाल थांबल्यास पोट निःशब्द होते, हे खरे, परंतु केवळ आवाजावरून निदान करताना अनुभवी डॉक्टरांचेही एकमत होत नाही. मोबाईलमध्ये तर कापडाची सळसळ आणि पंख्याची घरघरच अधिक येते. त्यापेक्षा आईंनी काय खाल्ले, कळ केव्हा आली आणि शौचानंतर ती थांबली का, हे वहीत लिहून न्यावे.

उत्तर (म्हापसा): ही कल्पना मात्र मोलाची आहे. अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी 1905 मध्येच जठर व आतड्यांच्या लयबद्ध आवाजांवर लेखन केले होते. हेलिकोबॅक्टर या जठरातील जिवाणूच्या शोधासाठी 2005 चे नोबेल मिळालेले बॅरी मार्शल यांच्या ऑस्ट्रेलियातील गटाने, लाकडातील वाळवी ऐकण्याच्या तंत्रावरून प्रेरणा घेऊन, पोटावर बांधायचा ध्वनिपट्टा विकसित करायला घेतला. डॉक्टर स्टेथोस्कोप काही मिनिटेच लावतात, तर पट्टा जेवणापूर्वीचे आणि नंतरचे आवाज दीर्घकाळ टिपू शकतो. आपल्या आईंच्या बाबतीत नेमकी हीच उणीव आहे.

उत्तर (मडगाव, परिचारिका): सहमत आहे. तरीही उलट्या, पोट फुगणे किंवा वायू सरणे बंद होणे दिसल्यास मुद्रणात वेळ न घालवता त्यांना तातडीने रुग्णालयात न्यावे.